खंडाचा खुलासा कशासाठी?

बारावीचा निकाल जाहीर होऊन जून उजाडला म्हणजे महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या कचेऱ्यांसमोर जी रांग लागते, तिच्याविषयी दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. परंतु ते बहुधा टक्केवारीविषयी, गुणवत्ता यादीविषयी आणि वाढत्या शुल्काविषयी असते, म्हणजेच नव्या विद्यार्थ्याविषयी असते. त्याच्या अडचणी लहान आहेत असे आमचे मुळीच म्हणणे नाही. तथापि त्याच्यासाठी निदान एक घडी बसलेली व्यवस्था असते, ठरलेले वेळापत्रक असते, कनिष्ठ महाविद्यालयातून नुकताच मिळालेला दाखला असतो आणि झेरॉक्सच्या प्रती सांभाळीत शेजारी उभे राहिलेले वडील असतात. त्याच रांगेत मागे कुठेतरी पस्तिशीची एखादी बाई, अथवा रात्रपाळी संपवून तसाच आलेला एखादा इसम उभा असतो. दुसऱ्या वर्षावर सुटलेले शिक्षण त्याला आता पुरे करावयाचे असते. खिडकीपाशी त्याचा क्रमांक लागला की कारकून कागद चाळतो, शेवटच्या गुणपत्रिकेवरचे साल पाहतो आणि विचारतो, ‘गॅप सर्टिफिकेट कुठंय?’

नावाने हे सर्टिफिकेट असले, तरी ते कोणत्याही संस्थेने दिलेले नसते. ते विद्यार्थ्याने स्वतःविषयी स्वतःच करून द्यावयाचे प्रतिज्ञापत्र असते. तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसलेल्या टंकलेखकापाशी त्याचा मसुदा तयारच असतो. नाव, वय, पत्ता आणि दोन साले बदलली की काम झाले. अमुक साली मी अमुक परीक्षा उत्तीर्ण झाले, तदनंतर घरगुती अडचणीमुळे मला पुढील शिक्षण घेता आले नाही, सदर कालावधीत मी अन्य कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही अथवा कोणत्याही गैरकृत्यात सहभागी झालेले नाही, आणि वरील मजकूर खोटा आढळल्यास माझा प्रवेश रद्द करण्यात यावा, अशा आशयाची चार-सहा वाक्ये त्यात सत्यप्रतिज्ञेवर लिहिलेली असतात. लग्न, बाळंतपणे, सासऱ्यांचे आजारपण, वडिलांचे कर्ज, बंद पडलेला कारखाना, हे सारे त्या ‘घरगुती अडचणी’त एकाच ओळीत दाखल होते, अर्जाला टाचणी लागते, आणि त्यानंतर ते प्रतिज्ञापत्र कोणी वाचीत नाही. जे कोणी वाचणार नाही ते शपथेवर का लिहून घ्यावे, हा साधा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे.

हा शिरस्ता अगदीच निष्कारण पडला असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका विद्यार्थ्याने एकाच वेळी दोन ठिकाणी नाव नोंदवून दोहोंकडून सवलती उपटू नयेत, वसतिगृहातली जागा नाहक अडवू नये, ही चिंता विद्यापीठांना होती आणि ती रास्तही होती. शपथपत्रातले ‘अन्यत्र प्रवेश घेतलेला नाही’ हे वाक्य त्या चिंतेतूनच आले आहे. परंतु एप्रिल 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा देणारी मार्गदर्शक सूत्रे प्रसृत केली. वर्गांच्या वेळा एकमेकींवर येत नसतील, तर दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसूनही पुरे करता येतील, असे त्यांत म्हटले आहे. जी गोष्ट आज उघडपणे करता येते, ती दहा वर्षांपूर्वी आपण केली नाही असे विद्यार्थ्याकडून वदवून घेण्यात कोणता हेतू साधतो, हे आम्हांस तरी कळत नाही.

शपथेच्या आवश्यकतेविषयी राज्य शासनाने आपला निर्णय केव्हाच दिला आहे. जेथे कायद्याने प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलेले नाही तेथे नागरिकाचे स्वयंघोषणापत्र आणि त्याने स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती स्वीकाराव्यात, असा शासन निर्णय मार्च 2015 मध्ये निघाला. ऑक्टोबर 2024 मध्ये किमान मुद्रांक शंभर रुपयांवरून पाचशेवर गेला, तेव्हा दाखल्यांसाठी धावपळ करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांत नाराजी पसरली, आणि पुढल्या मार्चमध्ये शासकीय कार्यालयांत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील हे शुल्क माफ केल्याचे महसूलमंत्र्यांनी जाहीर केले. या सवलतीचे स्वागतच केले पाहिजे. परंतु शुल्क माफ झाल्याने टंकलेखकाचे पैसे वाचत नाहीत, बुडालेली रोजी भरून निघत नाही, आणि आपल्याच आयुष्याचा खुलासा शपथेवर करावा लागण्यातली मानहानी तर कोणत्याच माफीने कमी होत नाही. विद्यापीठे स्वायत्त आहेत हे खरे. पण नागरिकाच्या शब्दावर शासनाने जेवढा विश्वास टाकला, तेवढाही न टाकण्यासाठी स्वायत्ततेचा आधार घेणे शोभादायक नव्हे.

प्रतिज्ञापत्राचा अडसर ओलांडला तरी परतणाऱ्याची वाट मोकळी होत नाही. जुने महाविद्यालय टीसी देण्यापूर्वी ग्रंथालयाचे, प्रयोगशाळेचे आणि लेखा विभागाचे येणे नाही अशी सही मागते. विद्यापीठ बदलले असेल तर मायग्रेशन लागते. नवे विद्यापीठ पात्रता विभागाकडे प्रकरण पाठवते आणि तोवर प्रवेश तात्पुरता राहतो. यांतील सर्वांत बिकट प्रसंग ओढवतो तो विवाहित स्त्रियांवर. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. दोहोंतील व्यक्ती एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला अथवा राजपत्रातील नावबदलाची जाहिरात हजर करावी लागते. बरे, लग्न गावच्या मांडवात लागून त्याची नोंद राहिलीच असेल, तर आधी ती नोंद, मग तो दाखला, मग अर्ज. आणि तोवर प्रवेशाची मुदत संपलेली. आडनाव बदलावे अशी अपेक्षा समाजाने करावयाची, आणि ते बदलले म्हणून विद्यापीठाने ओळख नाकारावयाची, असा हा दुहेरी न्याय आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षण मध्येच थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची वाट स्पष्टपणे आखलेली आहे: एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी, आणि चार वर्षांनंतर ऑनर्स. त्याला जोड म्हणून 2021 मध्ये श्रेयांकांची पतपेढी, म्हणजे अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, स्थापन झाली. तीत जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य धरले जातात. महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून हे धोरण लागू झाले आहे, आणि कागदावर ते उदार आहे यात शंका नाही. परंतु 2006 मध्ये दुसऱ्या वर्षातून बाहेर पडलेल्या बाईचे या पतपेढीत काय जमा असणार? तिचे गुण वार्षिक परीक्षेचे, अभ्यासक्रम जुना, श्रेयांक हा प्रकारच तेव्हा तिच्या महाविद्यालयात नव्हता. धोरणाने आजच्या विद्यार्थ्याला उद्या परतण्याची मुभा दिली. जे काल बाहेर पडले आणि आज दाराशी उभे आहेत, त्यांच्यासाठी त्याने फारसे काही केलेले नाही.

अध्ययनातला खंड म्हणजे काहीतरी लपवण्याजोगी गोष्ट असे मानणाऱ्यांनी एका विद्यार्थ्याचे चरित्र आठवून पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1916 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले; बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना प्रबंध अर्धा टाकून परतावे लागले. जाण्यापूर्वी त्यांनी विद्यापीठाची परवानगी मिळवली, ती अशी की चार वर्षांच्या आत परत येऊन त्यांनी आपले काम पुरे करावे. मधल्या काळात त्यांनी बडोद्याची नोकरी आणि तिथला अपमान सोसला, मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, जानेवारी 1920 मध्ये ‘मूकनायक’ सुरू केले, आणि त्याच वर्षी, शाहू महाराजांचे साहाय्य, मित्राकडून घेतलेले कर्ज आणि पोटाला चिमटा घेऊन साठवलेली पुंजी यांच्या बळावर, ते लंडनला परतले. 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. एका परक्या साम्राज्याच्या राजधानीतील विद्यापीठाने मुदत घालून दिली आणि दार उघडे ठेवले, म्हणून ते अध्ययन पूर्णत्वास गेले. असामान्य पुरुषाच्या उदाहरणावरून सामान्यांचे नियम ठरवू नयेत हे आम्हांस मान्य आहे. परंतु पैसा संपणे, नोकरी धरावी लागणे, घरची जबाबदारी अंगावर पडणे, ही खंडाची कारणे असामान्यांची आणि सामान्यांची सारखीच असतात.

यावर खोट्या गुणपत्रिकांचे काय, अशी हरकत घेतली जाईल. ती गैरलागू नाही; पण गुणपत्रिका खरी की खोटी हे शपथेने ठरत नसते, नोंदवहीवरून ठरते, आणि ती नोंदवही विद्यापीठाच्याच दफ्तरात आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला विद्यापीठाने दिलेला कायम नोंदणी क्रमांक, ज्याला विद्यार्थी पीआरएन म्हणतात, तो असला की निकाल काढून पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे. आणि क्रमांक देण्यापूर्वीच्या काळातील निकाल जुन्या बाडांत असतील, तर ती बाडे धुंडाळण्याचा बोजा ती जपून ठेवणाऱ्यावर पडला पाहिजे, पंधरा वर्षांपूर्वी पुस्तके मिटून गेलेल्या माणसावर नव्हे.

तेव्हा प्रत्येक विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी चार ठराव करावेत, अशी आमची मागणी आहे. खंडाविषयीचे प्रतिज्ञापत्र रद्द करून अर्जातच एका ओळीची स्वयंघोषणा पुरेशी मानावी. त्याच विद्यापीठाच्या जुन्या विद्यार्थ्याकडून गुणपत्रिका अथवा टीसीची मागणी करू नये; ते कागद महाविद्यालयांनी आपापसांत मागवावेत. नावातील तफावतीसाठी विवाह नोंदणीचा हट्ट न धरता छायाचित्र आणि जन्मतारीख यांवरून खातरजमा करावी. आणि जुन्या अभ्यासक्रमातील कोणते विषय नव्या आराखड्यात कशाच्या बरोबरीचे धरले जातील याचे कोष्टक सर्वांना पाहता येईल असे प्रसिद्ध करावे, म्हणजे परतणाऱ्याला आपले किती शिक्षण उरले हे खिडकीवरच्या माणसाच्या मर्जीवरून समजण्याची पाळी येणार नाही. या चार गोष्टींसाठी ना नवा कायदा लागतो, ना नवे अनुदान; विद्यार्थी खोटे बोलत असेल हे गृहीत धरण्याची जुनी सवय तेवढी सोडावी लागते.