शिष्टाचार : शिष्ट कोण आणि आचार कोणाचा?



आमच्या वस्तीतला एक पोरगा शिष्यवृत्तीवर शिकायला इंग्लंडला निघाला. विहारात छोटासा निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. कोणीतरी त्याला एक छापील यादी दिली, कोणत्या देशात कसे वागावे याची. जपानमध्ये भातात काड्या उभ्या खोचू नका. थायलंडमध्ये कोणाच्या डोक्याला हात लावू नका. जर्मनीत वेळेआधी पोहोचा. इंग्लंडमध्ये रांग मोडू नका. पोराने यादी वाचली आणि मला म्हणाला, "ताई, तिथे म्हणे प्राध्यापकाला नुसत्या नावाने हाक मारतात. मला नाही जमणार ओ. तोंडातून ‘सर’च निघणार."

सगळे हसले, मीही हसले. घरी येताना मात्र त्याचे आजोबा आठवले. वय पंचाहत्तर. गावात पाटलाचा विशीतला नातू त्यांना आजही नाव तोडून हाक मारतो आणि म्हातारा ‘जी’ म्हणून उठून उभा राहतो. दोघेही आपापला शिष्टाचार बिनचूक पाळतात. मग या पोराची जीभ प्राध्यापकाच्या नावापाशी अडते यात नवल काय?

अशा याद्यांमधून आपल्याला सांगितले जाते की शिष्टाचार म्हणजे त्या त्या देशाची संस्कृती. पाहुण्याने ती जपावी, प्रश्न विचारू नये. भातातल्या काड्यांपुरते हे मला मान्य आहे. पण कोणी कोणापुढे वाकायचे, कोणी टोपी काढायची, कोणाला ‘तू’ आणि कोणाला ‘तुम्ही’ म्हणायचे, हे आले की तो प्रश्न संस्कृतीचा राहत नाही, सत्तेचा होतो. आपला शब्दच बघा. शिष्टाचार म्हणजे शिष्टांचा आचार. धर्मशास्त्राने त्याला धर्माचे प्रमाण मानले. शिष्ट कोण, हे आपल्याला कोणी विचारले नव्हते.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जी मनुस्मृती जाळली, तिच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसे ठेवावे याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलदर्शक, वैश्याचे धनदर्शक आणि शूद्राचे निंदादर्शक. आपल्या पणजोबांची नावे धोंड्या, कचऱ्या, दगड्या का होती हे कोणाला कोडे वाटत असेल तर त्याने तो श्लोक काढून वाचावा. त्याच अध्यायात भेटल्यावर ख्यालीखुशाली कशी विचारावी हेही ठरवून दिले आहे. चार वर्णांना चार वेगळे शब्द. म्हणजे ‘कसा आहेस’ हा साधा प्रश्नसुद्धा सगळ्यांना सारखा विचारायची सोय नाही!

आज आपण ज्याला सभ्यपणाचा सर्वसामान्य शब्द समजतो त्या ‘नमस्कारा’ची गोष्टही ऐकून ठेवा. बाबासाहेबांनी ती ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये नोंदवली आहे. पेशवाईच्या काळात सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, ब्राह्मणांसारखे धोतर नेसू लागले आणि भेटल्यावर ‘नमस्कार’ म्हणू लागले. ब्राह्मणांना ते खपले नाही. पेशव्यांच्या मदतीने त्यांनी ते बंद पाडले आणि मुंबईतल्या सोनारांविरुद्ध थेट ईस्ट इंडिया कंपनीकडून मनाईहुकूम काढवून घेतला. एका अभिवादनासाठी सरकारी हुकूम! ‘हाय-हॅलो काय अन् नमस्कार काय, भावना महत्त्वाची’ असे सांगणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता बाहेरच्या देशांकडे येऊ. आपल्याकडचे काही लोक युरोपातल्या समतेविषयी असे बोलतात, जणू ती तिथल्या हवेतच होती. तसे नाही. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत आपल्यासारखीच दोन सर्वनामे होती. वरच्याला ‘यू’, खालच्याला ‘दाऊ’. क्वेकर पंथाच्या लोकांनी ठरवले की देवाच्या लेकरांत वरचा-खालचा नसतो, म्हणून आम्ही सगळ्यांना ‘दाऊ’च म्हणणार आणि कोणापुढेही टोपी काढणार नाही. यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगले. १६७० साली विल्यम पेन आणि त्याच्या साथीदारावर लंडनमध्ये खटला चालला. ते न्यायालयात आले तेव्हा शिपायाने त्यांच्या टोप्या काढून घेतल्या होत्या. न्यायपीठाने त्या पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवायला लावल्या आणि मग टोपी घालून न्यायालयाचा अवमान केला म्हणून दंड ठोठावला. ज्याला झुकवायचेच आहे त्याच्यासाठी नियम असाच हवा तसा वाकवता येतो. गंमत म्हणजे पुढे इंग्रजीतून ‘दाऊ’ गेले आणि सगळे ‘यू’ झाले. क्वेकरांनी सर्वांना खाली आणायचे ठरवले होते, भाषेने सर्वांना वर नेले.

स्वीडनची गोष्ट तर अगदी अलीकडची. साठ वर्षांपूर्वीपर्यंत तिथे हुद्देवाल्या माणसाशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणणेही उद्धट मानले जाई. समोरच्याला त्याच्या हुद्द्याने, तिसऱ्या पुरुषात संबोधावे लागे. म्हणजे डॉक्टरला विचारायचे, "डॉक्टर कॉफी घेणार का?" हुद्दा माहीत नसेल तर माणसे वाक्ये कर्मणी करून वेळ मारून नेत. हुद्दा नसलेल्यांसाठी ‘नी’ हा शब्द होता आणि तो ऐकणाऱ्याला झोंबत असे. बायकांना नवऱ्याच्या हुद्द्याचे शेपूट लागे, प्राध्यापकाची बायको ती ‘प्राध्यापकीण’. (पाटलीणबाई, मास्तरीणबाई म्हणणाऱ्या आपल्याला हे काही परके नाही.) १९६७ साली तिथल्या आरोग्य खात्याचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेद यांनी कर्मचाऱ्यांना सांगितले की मी सगळ्यांना ‘दू’, म्हणजे ‘तू’ म्हणणार आणि तुम्हीही मला तेच म्हणा. बदलाची सुरुवात त्याआधीच झाली होती, पण या घोषणेने तिला तोंड फुटले आणि काही वर्षांत अख्खा देश ‘तू’वर आला. राजघराणे तेवढे सुटले. तिथेही कोणीतरी शेवटी उरतोच.

ही स्वीडनची गोष्ट आपल्या पोरांना फार आवडते. पुण्या-बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत आता हेच वातावरण आहे, साहेबालाही नावाने हाक. मला मात्र इथे थांबावेसे वाटते. कारण रेक्सेद वरचे होते. ज्याला आयुष्यभर मान मिळाला आहे त्याने ‘मला तू म्हणा’ म्हणणे चांगलेच, पण त्यात त्याचे काही जात नाही. ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त ‘ए’ आणि ‘अरे’ आले, त्याला ‘आता सगळेच अरे-तुरे करू’ असे सांगण्यात कसली समता? शिवाय त्या नावाच्या संस्कृतीत पहिल्या नावाने हाक मारून झाली की चहाच्या वेळी हळूच दुसरा प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’

म्हणून मला स्वीडनपेक्षा अलाबामा जवळचे वाटते. अमेरिकेच्या दक्षिण भागात वंशविद्वेषाचा एक पूर्ण शिष्टाचार होता. गोरा माणूस काळ्या माणसाला कधीही ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ म्हणत नसे. तरुण असो वा प्रौढ, त्याला ‘बॉय’. म्हातारा झाला की ‘अंकल’, म्हातारी ‘आंटी’. काळ्याने मात्र गोऱ्याच्या पोरालाही ‘सर’ म्हणायचे, त्याच्या घरी मागच्या दाराने जायचे. हा शिष्टाचार मोडल्याचा नुसता आळ आला तरी काय होई? १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाला हाल करून मारले गेले. गोऱ्या बाईशी अदबीने वागला नाही, एवढाच त्याच्यावरचा आरोप होता. हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

१९६३ साली मेरी हॅमिल्टन नावाची तरुण कार्यकर्ती नागरी हक्कांच्या आंदोलनात अटक होऊन अलाबामातल्या न्यायालयात उभी होती. सरकारी वकील गोऱ्या साक्षीदारांना मिस्टर, मिस म्हणत होता, तिला नुसते ‘मेरी’. तिने सांगितले, माझे नाव मिस हॅमिल्टन आहे, तसे संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी उत्तर द्यायला बजावले तरी ती गप्प राहिली. अवमानाबद्दल पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड झाला. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. प्रकरण वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ साली ती शिक्षा रद्द झाली. एका ‘मिस’साठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत! आपल्यातलाच एखादा समजूतदार माणूस तिला म्हणाला असता, "अगं, काय फरक पडतो, मुख्य मुद्द्यावर लक्ष दे." तिच्यासाठी तोच मुख्य मुद्दा होता. पुढे १९६८ साली मेम्फिसचे संपकरी सफाई कामगार छातीवर जे फलक लावून चालले, त्यांवर पगाराचा आकडा नव्हता. ‘मी माणूस आहे’ एवढेच लिहिलेले होते. ‘बॉय’ला दिलेले ते उत्तर होते.

आपल्याकडे हे काम ‘जय भीम’ने केले. गावगाड्यात महाराने लांब उभे राहून, वाकून ‘जोहार’ घालायचा, हा नियम होता. त्याला समोरून तसाच जोहार परत येत नसे. ‘जय भीम’ रूढ करण्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. त्याचे मोठेपण माझ्या मते उत्तरात आहे. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’. आमदार म्हणाला तरी तेच आणि झाडूवाली मावशी म्हणाली तरी तेच. त्यात वाकणे नाही. म्हणूनच काही कार्यालयांत आजही हे दोन शब्द ऐकले की कपाळाला आठी पडते.

इथवर टाळ्या पडतील हे मला ठाऊक आहे. पुढचे जरा कमी आवडेल.

आपल्या घरात बघू या. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर, आणि नवरा ‘अगं’, ‘तू’. बायको ‘अहो’, ‘तुम्ही’. आई ‘तू’, बाबा ‘तुम्ही’. आईला ‘तू’ प्रेमाने म्हणतो, असे उत्तर मिळते. मग बाबांवर प्रेम नाही का? चळवळीत पुरुष कार्यकर्ता पाच वर्षांत ‘सर’ होतो, दहा वर्षांत ‘साहेब’ होतो. मी बारा वर्षे ‘ताई’च आहे. ताई म्हणवून घ्यायला मला आवडते, तक्रार त्या शब्दाची नाही. तक्रार ही की बैठकीत ताईला चहाचे विचारतात आणि साहेबांना ठरावाचे. नेत्याच्या पाया पडणे तर आता इतके सर्रास झाले आहे की न पडणारा उद्धट ठरतो. बाबासाहेबांना ‘बाबासाहेब’ म्हणतोच ना, असे कोणी विचारेल. म्हणतो. ते लोकांनी प्रेमाने दिले होते, बॅनरवर स्वतःच छापून घेतले नव्हते.

आणि आपल्या सोसायटीत कचरा उचलायला येणारी बाई? तिचे नाव किती जणांना माहीत आहे? तिलाही आपल्याच घरातून ‘ए बाई’ अशी हाक जाते, आणि ती हाक मारणाऱ्याच्या डीपीवर बाबासाहेब असतात.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये उपालीची कथा आहे. उपाली हा शाक्य राजकुमारांचा न्हावी. राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर बुद्धाकडे आला. संघात ज्येष्ठता वयाची किंवा कुळाची नसते, जो आधी दीक्षा घेतो तो ज्येष्ठ, आणि नंतरच्याने त्याला वंदन करायचे. राजकुमारांनीच बुद्धाला विनंती केली की आम्ही शाक्य गर्विष्ठ आहोत, उपालीला आमच्याआधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याच्यापुढे वाकावे लागेल आणि हा गर्व उतरेल. बुद्धाने वंदन बंद केले नाही, ‘सगळे तू-तू म्हणा’ असेही सांगितले नाही. ज्याच्यापुढे कोणी कधी वाकले नव्हते त्याला रांगेत पुढे उभे केले.

तेव्हा माझा मुद्दा एवढाच आहे की आपण ‘तुम्ही’ वाटायला शिकू या, तेही आधी खालून. साहेबांना एखादे ‘साहेब’ कमी मिळाले तर ते खचणार नाहीत.

त्या पोराला मी सांगितले, तिथे प्राध्यापकाला खुशाल नावाने हाक मार, पण वसतिगृहात जिना पुसणाऱ्याचे नावही पहिल्याच आठवड्यात विचारून घे. तो गेला. इकडे आमच्या विहाराच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या पत्रिकेवरून वाद चालू आहे. दरवर्षी पाहुण्यांच्या नावाआधी ‘मा.’ आणि बाकीच्यांच्या आधी ‘आयु.’ छापतात, स्वयंपाक करणाऱ्या बायकांची नावे छापतच नाहीत. मी सुचवले की सगळ्यांना ‘आयु.’ लावा आणि यादी स्वयंपाकघरापासून सुरू करा. समितीतल्या तिघांचा विरोध आहे, पाहुणे नाराज होतील म्हणतात. मजकूर अजून छापखान्यात गेलेला नाही.