वेरुळात एक सारीपाट आहे, तेवढा पुरे

छत्रपती संभाजीनगरच्या नागरिकांसाठी पत्रक

११ डिसेंबर २०२२ हा रविवार होता. त्या एका दिवसात पंतप्रधानांनी दोन मोठी उद्घाटनं उरकली. दिवसा नागपुरात समृद्धी महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी टप्प्याचं, संध्याकाळी गोव्यात मोपाच्या विमानतळाचं. समृद्धी छत्रपती संभाजीनगरला खेटून गेली. मोपा पेडणे तालुक्यात, सिंधुदुर्गाच्या वेशीवर. त्याच तालुक्यात धारगळला कॅसिनोसह भल्यामोठ्या करमणूक संकुलाचा प्रस्ताव त्या वर्षी पुढे आला आणि वाद पेटला, कारण जमीन तिळारी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातली होती. तिळारीचं धरण महाराष्ट्रात, दोडामार्ग तालुक्यात. शेताला पाणी मिळावं म्हणून दोन राज्यांनी मिळून कालवे काढले, आणि त्या ओलिताच्या शिवारात जुगाराची टेबलं मांडायची परवानगी मागितली गेली.

हे पत्रक संभाजीनगरात वाटलं जाणार, मग त्यात पेडण्याचं काय काम? एवढंच की पर्यटन वाढवायचा विषय निघाला की या शहरातलं बोलणंही फिरून फिरून गोव्यावर येतं. पर्यटक येतो, वेरूळ बघतो, मकबऱ्यासमोर फोटो काढतो आणि रात्रीच्या गाडीनं शिर्डी नाहीतर मुंबई गाठतो. संध्याकाळी सातनंतर इथं करायचं काय, असं हॉटेलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे विचारतात. मग कुणीतरी म्हणतं, गोव्यासारखं काहीतरी पाहिजे.

तक्रार खरी आहे. औषध भलतंच आहे.

या गोष्टीत १९७६ हे वर्ष मजेशीर आहे. त्या वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर ठेवणारा कायदा केला. मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण, ज्यांना सगळा महाराष्ट्र ‘हेडमास्तर’ म्हणायचा. हेडमास्तरांच्या वर्गात जुगाराचा धडा छापला गेला खरा, पण तो शिकवला कधीच गेला नाही. कायदा लागू करायची अधिसूचनाच निघाली नाही. सत्तेचाळीस वर्षं तो तसाच पडून राहिला. मधे तो अमलात आणा म्हणून उच्च न्यायालयाचं दारही ठोठावलं गेलं. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्द करायचा निर्णय घेतला. इतकी वर्षं सरकार जुगारापासून चार हात लांब होतं असंही नाही. राज्याची लॉटरी १९६९ पासून सुरू आहे, तेव्हा सोवळ्याचा आव कुणी आणू नये.

गोव्याचा सार्वजनिक जुगार कायदाही १९७६चाच, आणि तो मुळात जुगार रोखण्यासाठी होता. १९९२ मध्ये दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांची यंत्रं आली. १९९६च्या दुरुस्तीनं पाण्यावरच्या जहाजांना मुभा मिळाली. पुढे पणजीसमोर मांडवीच्या पात्रात एकेक करत सहा जहाजं नांगर टाकून बसली. विरोधी बाकांवरून ती हटवा म्हणून मशाली पेटवणारे सत्तेत आले आणि परवान्यांना मुदतवाढ देत राहिले. ‘तात्पुरतं’ म्हणून सहा-सहा महिन्यांची मुदतवाढ मिळत गेली आणि वर्षांमागून वर्षं निघून गेली.

या जहाजांच्या प्रवेशाच्या पॅकेजात जेवण, दारू आणि नाचगाणं बहुधा धरलेलंच असतं. म्हणजे पाहुणा पणजीच्या खाणावळीत जेवत नाही, बाजारात फिरत नाही, भाड्याची दुचाकी घेऊन गावं हिंडत नाही. तो होडीतून जहाजावर जातो आणि पहाटे खिसा हलका करून परततो. शहरानं सोसायचं काय, तर गाड्यांची गर्दी, पार्किंगची मारामारी आणि नदीतला कचरा. पर्यटक मोजणाऱ्या तक्त्यात मात्र तो ‘गोव्यात मुक्कामी’ असतो.

गोवा सरकारला स्वतःच्या या धंद्याविषयी मनातून काय वाटतं, ते १ फेब्रुवारी २०२० रोजी कळलं. त्या दिवसापासून गोमंतकीयांना कॅसिनोत जायला बंदी झाली. घरच्यांनी हात लावू नये अशी वस्तू पाहुण्यांना वाढायची, असा हा पाहुणचार. सिंगापुरात जरा सभ्य रीत आहे. २०१० मध्ये तिथं दोन कॅसिनो संकुलं उघडली तेव्हा आपल्या नागरिकांना दिवसाला १०० डॉलर प्रवेशशुल्क लावलं, आणि २०१९ मध्ये ते १५० केलं. दोन्ही सरकारांना कॅसिनो हवा होता, पण त्यात बसलेला आपला माणूस नको होता.

मग संभाजीनगरात कोण बसणार? आडवळण न घेता बोललेलं बरं. अजिंठ्याला येणारा जपानी किंवा थाई बौद्ध यात्रेकरू काही पत्ते पिसायला येत नाही. लाल परीतून सहलीला येणारी शाळेची पोरं नाहीत, श्रावणात घृष्णेश्वराला येणारी कुटुंबं नाहीत. इथला कॅसिनो चालेल तो शहराच्या खिशावरच. आणि या शहराच्या खिशात पैसा आहे, हे ऑक्टोबर २०१० मध्ये देशानं पाहिलंय. इथल्या मंडळींनी गट करून एका दमात १५० मर्सिडीज गाड्या उचलल्या होत्या, व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांनी उद्योजक घडवले. शेंद्रा-बिडकीनच्या भूसंपादनात अनेक शेतकऱ्यांच्या हाती पिढीत एकदाच येणारी रक्कम आली. जमीन गेलेल्या घरात आलेली रोकड म्हणजे कॅसिनोवाल्याच्या दृष्टीनं उभं पीक. गोव्यात निदान परराज्यातला पर्यटक कापला जातो. इथं पळशीचा आणि बिडकीनचा कापला जाईल, आणि त्यालाच ‘पर्यटन विकास’ असं नाव पडेल.

मकाव आणि लास व्हेगासची उदाहरणं देणाऱ्यांनी ती पूर्ण द्यावीत. मकाव म्हणजे जेमतेम ३३ चौरस किलोमीटरची जागा. २००२ मध्ये एका कंपनीची मक्तेदारी मोडल्यावर तिथं अमेरिकी भांडवल घुसलं, आणि २००६ मध्ये जुगाराच्या उत्पन्नात मकावनं व्हेगासच्या मुख्य रस्त्याला मागं टाकलं. २०१९ मध्ये सुमारे ३ कोटी ९४ लाख लोक येऊन गेले. मग कोरोना आला, आणि २०२० मध्ये जुगाराचं उत्पन्न सुमारे ७९ टक्क्यांनी कोसळलं. सरकारचा बहुतेक कर एकाच चुलीवर शिजत होता, ती विझली. २०२२ मध्ये नवे परवाने देताना तिथल्या सरकारनं सहाही कंपन्यांना बजावलं, की गुंतवणुकीतला सिंहाचा वाटा जुगाराबाहेर घाला, संगीत, खेळ, संस्कृती, वारसा यांत घाला. मकावचा जुना भाग २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण तो बघायला म्हणून मुद्दाम गेलेला माणूस शोधून काढावा लागेल. व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरही गेली पंचवीस वर्षं जुगारापेक्षा खोल्या, जेवणावळी आणि कार्यक्रम यांचीच कमाई जास्त आहे. आणि १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी ज्या अटलांटिक सिटीत कॅसिनोला कौल दिला, तिथल्या बारापैकी चार कॅसिनोंना २०१४ या एका वर्षात टाळं लागलं.

म्हणजे जगातली कॅसिनो-शहरं जे मिळवायला धडपडताहेत, ते संभाजीनगरापाशी पहिल्यापासून आहे. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, दोन्ही एकाच वर्षी, दोन्ही याच जिल्ह्यातले. वेरुळात जुगारसुद्धा आहे म्हणा. चौदाव्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेत, तोच प्रसंग एकविसाव्या लेण्यातही आहे. दगडातला हा डाव बाराशेहून जास्त वर्षं रंगलाय आणि त्यात अजून कुणाचं शेत गेलेलं नाही.

अजिंठ्याला माणूस आला की पैसा कसा झिरपतो, ते फर्दापूरच्या फाट्यावर उभं राहून बघावं. खासगी गाडी फाट्यावर थांबते, पुढचे चार किलोमीटर एसटीची बस नेते. वर चढण, तिथं डोलीवाले. गाइड, गारगोट्या आणि स्फटिक विकणारे, चहावाले. वेरूळच्या वाटेवर हंगामात दौलताबादची सीताफळं. शहरात परतल्यावर नान-खलिया, पान, हिमरूची शाल, जमलं तर पैठणी. एका पर्यटकाच्या पैशावर शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात किती घरं जेवतात, याचा हिशेब पर्यटन खात्यानं कधी मांडून दाखवलेला नाही. मांडला तर कॅसिनोचं बोलणं आपोआप थांबेल.

आणि अशा पर्यटकाला आपण देतो काय? शहर ते अजिंठा हे अंतर शंभरेक किलोमीटर. रुंदीकरणाच्या नावाखाली तो रस्ता वर्षानुवर्षं खणून ठेवला होता. पाठीची हाडं मोजत अजिंठा गाठलेला माणूस गावी जाऊन काय सांगेल? जपानच्या कर्जसाहाय्यातून अजिंठा-वेरूळ विकास प्रकल्प आला, पहिला टप्पा १९९२चा, दुसरा २००३चा. त्यातून अजिंठ्याजवळ आणि वेरूळला प्रेक्षणीय अभ्यागत केंद्रं उभी राहिली. अजिंठ्याच्या केंद्रात तर १, २, १६ आणि १७ या चित्रलेण्यांच्या प्रतिकृती आहेत, म्हणजे मूळ चित्रांवरचा श्वासाचा आणि घामाचा भार हलका व्हावा. कल्पना उत्तम होती. पुढं वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्रं बंद पडली. ज्या राज्यकारभाराला दोन इमारतींचं लाइट बिल भरणं जमत नाही, त्याच्या हाती कॅसिनोच्या शहराची चावी द्यायची कल्पना धाडसीच म्हणायची.

१९७६चा आणखी एक धागा राहिला. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला इंदिरा गांधींच्या हस्ते जायकवाडीचं लोकार्पण झालं. नाथसागर शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर, तरी शहराच्या नळाला पाणी कित्येक दिवसांआड येतं. डिसेंबर २०२०ला १,६८० कोटींच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन झालं. पुढे खर्चाचा आकडा फुगला, नळ तसेच राहिले. हॉटेलं टँकरवर चालतात आणि ते पैसे खोलीच्या भाड्यात उतरतात. पोहण्याचे तलाव, कारंजी आणि हिरवळ मिरवणारं कॅसिनो संकुल कोणाच्या वाट्याचं पाणी पिणार, हे गारखेड्यातल्या किंवा मुकुंदवाडीतल्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

शहराला ठरवलं तर काय जमतं, तेही याच शहरानं पाहिलंय. २७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ रोजी जी-२० मधल्या महिला गटाची बैठक इथं झाली. त्या दोन दिवसांसाठी रस्ते गुळगुळीत झाले, भिंती रंगल्या, दरवाजे उजळले, कारंजी उडाली. पाहुण्या गेल्या आणि रोषणाईचा उत्साहही ओसरला. त्याच फेब्रुवारीत अनेक वर्षं बंद पडलेला वेरूळ-अजिंठा महोत्सव सोनेरी महालात पुन्हा भरला, लोकांनी गर्दी केली. म्हणजे संध्याकाळी सातनंतर काय, या प्रश्नाचं उत्तर शहराकडे आहे. वर्षातून तीन रात्रींऐवजी तीस रात्री सोनेरी महाल जागा ठेवला, भडकल दरवाजा ते पाणचक्की अशी जाणत्या गाइडबरोबरची रात्रीची फेरी सुरू केली, जुन्या शहरातल्या खाण्याच्या गल्ल्यांत दिवे आणि स्वच्छतागृहं दिली, तर माणूस एक मुक्काम नक्की वाढवेल. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी, हेसुद्धा अनेकांना फाटकापाशी पोचल्यावर कळतं. ही माहिती रेल्वेस्थानकावर ठळक फलकावर लावायला कुठल्या मोठ्या गुंतवणूकदाराची गरज नाही.

गयेच्या विमानतळावर हंगामात बँकॉकहून, कोलंबोहून थेट विमानं उतरतात, कारण शेजारी बोधगया आहे. चिकलठाण्याला २००८ मध्ये नवी टर्मिनल इमारत झाली, अजिंठ्याची भित्तिचित्रं बौद्ध जगाला तोंडपाठ आहेत, आणि तरीही तसा हंगामी मार्ग इथं रुळलेला नाही. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकी अभ्यासक अनेक दशकं विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत राहिले, २०१९ मध्ये वारले. असे मुक्काम करणारे, परत परत येणारे, चार जणांना घेऊन येणारे लोक शहराला हवेत. त्यांच्यासाठी रात्रभर उघडा रूले लागत नाही. त्यांना चांगला रस्ता, शिकलेला गाइड, नळाला पाणी आणि उघडं केंद्र लागतं.

कॅसिनोचा महसूल मोठा असतो, हा शेवटचा युक्तिवाद उरतो. केंद्रानं त्यावर ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के आणि सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लावलाय, गुटखा-तंबाखूच्या पंगतीला बसवून. सरकार ज्या धंद्याला स्वतःच त्या पंगतीत बसवतं, त्यावर जिल्ह्याच्या पर्यटनाचा पाया घालावा असं कुठल्याही जाणत्या माणसाला सुचणार नाही.

हे पत्रक ज्यांच्या हाती पडेल त्यांनी पुढच्या वॉर्डसभेत, आमदाराच्या जनता दरबारात, पालकमंत्र्यांच्या नियोजन बैठकीबाहेर इतकंच विचारावं: अजिंठा आणि वेरूळच्या अभ्यागत केंद्रांचा वर्षाचा वीज आणि पाण्याचा खर्च किती, तो कोणत्या खात्यावर टाकलाय, आणि यंदाची तरतूद कुठल्या तारखेला मंजूर झाली. उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागावं.