कायमचा मक्ता

विधिमंडळांतील गोंधळाला कंटाळलेले कांहीं सुशिक्षित गृहस्थ अलीकडे असें बोलूं लागले आहेत कीं, निवडून आलेल्यांच्या डोक्यावर कोणी तरी एक मोठा, पक्षाच्या भानगडींत नसलेला धनी असावा, आणि थोडी तरी खरी सत्ता त्याच्या हातीं ठेवावी. कोणी इंग्लंडच्या राजाचा दाखला देतो, कोणी राज्यपालांचे अधिकार वाढवा म्हणतो. अमरावतीच्या वकीलमंडळींत आणि अकोल्याच्या कापूसबाजारांत हें बोलणें आम्हीं ऐकलें आहे. बोलणारांचा हेतु वाईट नाहीं. परंतु वऱ्हाडच्या माणसानें तरी असें बोलण्यापूर्वीं दहा वेळां विचार करावा. राजा आणि कायदेमंडळ यांच्यांत सत्ता वांटण्याचे जेवढे प्रयोग आमच्या या मुलखावर झाले, तेवढे हिंदुस्थानांत फार थोड्या मुलखांवर झाले असतील.

ता. २१ मे १८५३ च्या तहानें निजामानें कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटीं वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारकडे लावून दिला. पुढें ५ नोव्हेंबर १९०२ ला लॉर्ड कर्झन यांनीं निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून तो दरसाल २५ लाख रुपयांवर कायमच्या मक्त्यानें घेतला, आणि १९०३ सालीं नागपुरच्या कारभाराला जोडून टाकला. राजेपण मात्र निजामाचेंच राहिलें. हें कास्तकाराला समजावून सांगावें लागत नाहीं. सातबाऱ्यावर नांव एकाचें, वहिवाट दुसऱ्याची आणि घाम तिसऱ्याचा, ही तऱ्हा तो आपल्या शिवारांत रोज पाहतो. येथें तिसरा म्हणजे वऱ्हाडची रयत. तहांत किंवा मक्त्यांत तिला कोणीं एका शब्दानें विचारलें नाहीं. त्यांतून एक मौज अशी झाली कीं, कायद्याच्या दृष्टीनें वऱ्हाड हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भागच नव्हता. म्हणून १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर वऱ्हाडच्या मतदारांनीं मतें देऊन नागपुरच्या कौन्सिलांत पाठविलेले सभासद सरकारी कागदांत 'नेमलेले' म्हणून लिहिले जात. मत रयतेचें आणि नेमणूक साहेबाची!

आतां मुख्य गोष्ट. ऑक्टोबर १९२३ मध्यें निजाम मीर उस्मान अली खान यांनीं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. त्या पत्रांत वऱ्हाडी लोकांना एक वचन होतें. प्रांत परत मिळाला तर त्यांना जबाबदार राज्यपद्धतीची घटना देण्यांत येईल. अंतर्गत कारभारावर लोकांचा पूर्ण ताबा राहील. वर निजामानें नेमलेला घटनात्मक गव्हर्नर असेल. मात्र ब्रिटिश सरकारशीं संबंध असलेल्या बाबी आणि फौजेचें खातें यांतून वगळलें जाईल. न्यायानें बोलावयाचें तर कागदावर हें वचन इंग्रजांनीं त्या वेळीं दिलेल्या हक्कांपेक्षां मोठें होतें. इंग्रजी प्रांतांत तेव्हां द्विदल राज्यपद्धति होती. शिक्षण, शेतकी यांसारखीं खातीं मंत्र्यांकडे सोंपविलेलीं, आणि पोलीस व जमीनमहसूल गव्हर्नराच्या मुठींत राखीव. निजाम तर सगळा अंतर्गत कारभार देऊं म्हणत होता.

मग वऱ्हाडी माणसानें टाळ्या कां वाजवूं नयेत? आमचें उत्तर असें कीं, राजानें दिलेली घटना वाचतांना त्यानें काय दिलें तें मागाहून वाचावें. 'वगळून' हा शब्द कोठें आहे तो आधीं शोधावा. राजा त्या शब्दांत राहतो. फौजेचें खातें वगळलें, ठीक. परंतु फौजेचा खर्च कोणीं द्यावयाचा? वऱ्हाड १८५३ सालीं हातचा गेला तोच मुळीं फौजेच्या खर्चापायीं! गव्हर्नर राजा नेमणार, हेंहि ठीक. परंतु त्या गव्हर्नराचें आणि लोकांच्या मंत्र्याचें पटलें नाहीं, तर दोघांपैकीं घरीं कोणीं जावयाचें? आणि अमुक बाब अंतर्गत कीं बाहेरची, हें ठरविणार कोण? शिवाय पैनगंगेच्या पलीकडे याच राजाची रयत मराठवाड्यांत नांदत होती. तिला जबाबदार राज्यपद्धति कोठें मिळाली होती? पुढें १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर जन्मतांच बंदी आली. घरच्या लेकरांना उपाशी ठेवून शेजारच्या पोरांना जेवणाचें आमंत्रण देणाऱ्या माणसाकडे पाटाखालीं बघूनच बसावें.

लॉर्ड रीडिंग यांनीं २७ मार्च १९२६ च्या पत्रानें निजामाची मागणी फेटाळली. कारण वऱ्हाडच्या लोकांची इच्छा हें नव्हे. हिंदुस्थानांत ब्रिटिश तख्ताचें वर्चस्व सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याहि संस्थानिकाला त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलतां येणार नाहीं, हें त्या उत्तराचें सार. दोन राजांचा वाद दोन राजांतच मिटला.

पुढें १९३५ चा कायदा आणि ऑक्टोबर १९३६ चा करार आला. निजामाला 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम' हा किताब, त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब, पंचवीस लाख चालूच, आणि कारभार मध्यप्रांताच्या गव्हर्नराकडे. नागपुरच्या असेंब्लींत ११२ जागा होत्या. परंतु या कायद्याच्या ५२ व्या कलमांत एक बाब अशी होती कीं, प्रांताच्या उत्पन्नाचा वाजवी वांटा वऱ्हाडांत किंवा वऱ्हाडच्या हितासाठीं खर्च होतो कीं नाहीं हें पाहण्याची खास जबाबदारी गव्हर्नरावर टाकली होती. वऱ्हाडच्या कापसाचा पैसा नागपुर-जबलपुराकडे जातो ही आमची तक्रार खरी होती. तिच्यावर उपाय काय केला? असेंब्लीला बांधून न घेतां एका साहेबाच्या विवेकबुद्धीवर आमचा हिस्सा टांगून ठेवला.

त्या गव्हर्नराच्या हातीं आणखी काय होतें, तें जुलै १९३८ मध्यें दिसलें. मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे यांनीं मंत्रिमंडळ नव्यानें बनविण्यासाठीं राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर अकोल्याचे गोळे आणि अमरावतीचे रामराव देशमुख यांनींहि दिला. महाकोशलच्या तिघां मंत्र्यांनीं, म्हणजे शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनीं, देण्याचें नाकारलें. गव्हर्नर वायली यांनीं तिघांना बडतर्फ करून खऱ्यांना नवें मंत्रिमंडळ बनवूं दिलें. मंत्री गव्हर्नराच्या मर्जीपर्यंत, असें कायदाच म्हणत होता. परंतु बहुमत ज्या पक्षाचें होतें त्यानें डोळे वटारतांच कांहीं दिवसांत खऱ्यांना जावें लागलें आणि रविशंकर शुक्ल मुख्य प्रधान झाले. त्या भांडणांत वऱ्हाड-नागपुरच्या मंत्र्यांवर अन्याय झाला कीं नाहीं, हा वेगळा लेख होईल. येथें एवढेंच पाहावें कीं, कागदावरची सत्ता गव्हर्नराची आणि पैशाच्या मागण्या मंजूर करणारें बहुमत असेंब्लींत, अशी ओढाताण लागली तेव्हां शेवटीं बहुमतच जिंकलें.

इंग्लंडच्या राजाचा दाखला देणारांनीं हेंच ध्यानांत घ्यावें. तेथील राजा गरीब झाला तो स्वभावानें नव्हे. १६८९ च्या हक्कपत्रानें पार्लमेंटच्या मंजुरीवांचून कर बसविण्याची आणि शांततेच्या काळीं फौज बाळगण्याची वाट त्याला बंद केली. पार्लमेंटनें संमत केलेल्या बिलाला मंजुरी नाकारण्याचा शेवटचा प्रसंग १७०८ सालचा, ॲन राणीचा. उलट नेपाळ पाहा. १९९० च्या घटनेनें तेथें पार्लमेंट दिलें; पण अडचणी दूर करण्यासाठीं हुकूम काढण्याचा अधिकार १२७ व्या कलमांत राजाला ठेवला. त्याच कलमाचा आधार घेऊन राजा ज्ञानेंद्र यांनीं ऑक्टोबर २००२ मध्यें प्रधानाला काढलें आणि १ फेब्रुवारी २००५ ला सगळा कारभार आपल्याकडे घेतला. २८ मे २००८ ला तेथें राजेशाहीच संपली. त्या एका कलमानें राजाचाहि घात केला.

राजाच्या हातून सुटलेली सत्ता रयतेच्याच पदरांत पडते, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. १७५० सालीं सांगोल्यास रामराजा छत्रपतींकडून कारभार पेशव्यांकडे गेला. साताऱ्याचें तख्त रिकामें झालें, पुण्याचा वाडा भरला, आणि कुणब्याची वेठबिगार होती तेथेंच राहिली. म्हणून राजाकडून काढलेली सत्ता कोणाच्या दारांत जाते, हें पाहणें अवश्य आहे.

१९५० च्या घटनेनें आम्हीं राजे काढले. निजाम उस्मान अली खान स्वतः १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबादचे राजप्रमुख होते. वऱ्हाडच्या गव्हर्नरासाठीं त्यांनीं १९२३ सालीं जी घटनात्मक टोपी शिवली होती, ती अखेर त्यांच्याच डोक्यावर बसली. परंतु आम्हीं वऱ्हाडकरांनीं मात्र जुनी खोड सोडली नाहीं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपुर करारांत खर्चाच्या वांट्याचें वचन घेतलें, १९५६ सालीं घटनेच्या ३७१ व्या कलमांत राज्यपालांची खास जबाबदारी लिहून घेतली, आणि १९९४ सालीं विदर्भाचें वैधानिक विकास मंडळ आलें. म्हणजे ५२ वें कलम नवें धोतर नेसून परत आलें. ही मागणी आम्हींहि उचलून धरली होती, हें आम्ही लपवीत नाहीं. असेंब्लींत आमची संख्या थोडी, म्हणून आम्ही वरच्या धन्याकडे धांवलों. मंडळानें अनुशेष मोजला, राज्यपालांनीं निधीच्या वांटपाचे निर्देश दिले, अमरावती विभागाचे सिंचनाचे आंकडे छापून आले. ३० एप्रिल २०२० ला मंडळाची मुदत संपली आणि ती वाढविली गेली नाहीं. तेव्हां जाब विचारावयाचा कोणाला? मंत्र्याला सभागृहांत उभें करतां येतें. राज्यपालांना उभें करतां येत नाहीं. आणि ३६१ व्या कलमाप्रमाणें आपल्या अधिकाराच्या वापराबद्दल ते कोणत्याहि कोर्टाला उत्तर देण्यास बांधलेले नाहींत.

बिलांचीहि तीच कथा. विधानसभेनें संमत केलेलें बिल राज्यपालांनीं किती दिवस ठेवावें, हें २०० व्या कलमांत लिहिलेलें नाहीं. एप्रिल २०२५ मध्यें सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनीं तामिळनाडूच्या खटल्यांत मुदती घालून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्यें पांच न्यायमूर्तींनीं राष्ट्रपतींच्या प्रश्नांना उत्तर देतांना सांगितलें कीं, घटनेंत नसलेल्या मुदती कोर्टाला घालतां येत नाहींत. विनाकारण फार काळ बिल अडविलें तर निर्णय करा, एवढेंच कोर्ट सांगूं शकेल. आमच्या मतें यांत कोर्टाला दोष देण्यांत हंशील नाहीं. मुदत घटनेंत नसेल तर ती घटनेंत घालणें हें पार्लमेंटचें काम आहे, आणि आमचे खासदार तेथें याच कामासाठीं बसले आहेत.

वऱ्हाडच्या हिश्श्याबद्दल आमची मागणी अशी आहे: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम या पांच जिल्ह्यांवर किती खर्च ठरला, किती झाला आणि कमी झाला तर कां, याचा हिशेब दरसाल नागपुरच्या अधिवेशनांत अर्थमंत्र्यानें ठेवलाच पाहिजे, असा कायदा विधानसभेनें करावा, आणि त्या हिशेबावर मतें घ्यावीं. येत्या हिवाळी अधिवेशनास जाणाऱ्या या जिल्ह्यांतील आमदारांनीं पहिल्याच आठवड्यांत तसें बिल मांडावें. कोणीं मांडलें, कोणीं पाठिंबा दिला आणि कोण त्या दिवशीं गैरहजर राहिलें, तें आम्ही नांवानिशीं छापणार आहों.