आधी ऐका, मग लिहा

आंजी (मोठी)च्या शिवारात कापूस वेचताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे. या अंकातलं श्रुतिकांचं परीक्षण त्या कानांसाठी आहे.

श्रुतिका काय करू शकते, याचं एक उदाहरण घ्या. ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानमालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या भागाचे दिग्दर्शक वारिस हुसेन मूळचे लखनौचे. १९८९ मध्ये ती थांबली. दहा वर्षांनी ‘बिग फिनिश’ या श्रुतिका-निर्मिती कंपनीने तिच्या श्रुतिका काढल्या, त्याही पडद्यावरचेच नट घेऊन. त्या नटांपैकी पॉल मॅकगॅन यांच्या वाट्याला १९९६ चा एकच दूरचित्रपट आला होता. त्यांनी साकारलेला मालिकेचा नायक, म्हणजे डॉक्टर, खरा घडला तो २००१ पासून, आवाजात. म्हणून श्रुतिकेला मालिकेची उरलीसुरली शिदोरी समजून गुण देणं आम्हाला मान्य नाही. परीक्षकानं पाहावं ते हे: पात्रं समोरचं दृश्य बोलून दाखवतात, की पावलं, दार, शांतता यांतून ते उभं राहतं? पहिला प्रकार आळसाचा, आणि तो फार आढळतो.

आकाशवाणीच्या श्रुतिकांवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला हा फरक लगेच कळतो. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर सलग श्रुतिकामाला व्हावी, ही आमची मनापासूनची मागणी आहे.