दगड कुणावर?

किरणोत्सारी अस्त्राचे नाव निघाले की आमच्या डोळ्यांसमोर हिरोशिमाचा ढग उभा राहतो. हे अज्ञान निरुपद्रवी नाही. हे अस्त्र म्हणजे अणुबॉम्ब नव्हे. साध्या स्फोटकाबरोबर किरणोत्सारी द्रव्य उधळण्याचा तो प्रकार आहे. जागच्या जागी माणसे दगावतील ती बहुधा स्फोटानेच. मागे उरतील ती दूषित घरे, न दिसणारी धूळ आणि भय. या तिहींत भयच अधिक घातक, असे आम्हांस वाटते.

ब्राझीलमधील गोयानिया शहरावर १९८७ साली कुणी हल्ला केला नव्हता. एका बंद कर्करोग उपचार केंद्रातील बेवारस यंत्राचा भाग भंगारासाठी उचलला गेला. त्यातील सिझियम-१३७ ची शंभर ग्रॅमहूनही कमी पूड अंधारात निळी चमके. म्हणून ती कौतुकाने आप्तेष्टांत वाटली गेली. चार जीव गेले. सुमारे १,१२,००० लोक तपासले गेले. २४९ जण दूषित आढळले. मृतांत सहा वर्षांची एक बालिका होती. शिशाच्या अस्तराच्या शवपेटीतून तिला दफनभूमीत नेले, तेव्हा जमावाने वाट अडवून दगडफेक केली. तो देश कॅथलिक बहुसंख्येचा. दगड उचलणारे बहुतेक हात स्नानसंस्कार झालेल्यांचेच असावेत!

आपल्याकडे असे घडणार नाही, असे कुणी म्हणू नये. दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात २०१० साली एका विद्यापीठाने विकलेल्या जुन्या यंत्रातील कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा बळी घेतला. आणि २०२० च्या कोरोनाकाळात चेन्नईत एका डॉक्टरांच्या दफनालाही जमावाने दगडांनीच विरोध केला.

म्हणून हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे. ज्याला केवळ बाहेरून किरणे लागली, त्याच्यापासून इतरांना बाधा होत नाही. अंगावर धूळ बसली असल्यास वरचे कपडे उतरवताच बरीचशी जाते. उरलेली साबणपाण्याने धुवावी. स्फोट झाल्यास नाकतोंड झाकून पक्क्या घरात शिरावे, दारे-खिडक्या लावाव्यात, अधिकृत सूचनांची वाट पाहावी. आयोडीनच्या गोळ्या सिझियमवर चालत नाहीत.

किरणोत्सारी द्रव्ये बाळगणाऱ्या संस्थांनी त्यांचा चोख हिशेब ठेवावा, ही मागणी आम्ही करूच. परंतु शेजाऱ्याला अस्पृश्य ठरविणारे भय कोणतेही सरकार आमच्या मनातून काढून टाकू शकणार नाही. जखमी वाटसरूला ओलांडून जाणाऱ्या याजकाला आम्ही व्यासपीठावरून दोष देतो. उद्या तो वाटसरू धुळीने माखलेला असेल, तेव्हा आम्ही काय करणार?