सैल धरलेली फीत

गेल्या महिन्यात डोळखांबच्या एका शाळेत स्नेहसंमेलन झालं आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांनी भाषण केलं. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण हेच भाषण मी वीस वर्षांत निरनिराळ्या तोंडांतून ऐकलं आहे. या वेळी ते जरा जास्त गोड आवाजात झालं, एवढंच.

पाहुण्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ही रानातली पाखरं आहेत, त्यांच्यामागे स्टॉपवॉच घेऊन लागू नका. उच्च कामगिरी, विक्रम, महासंगणक, दुर्बिणी ही पोट भरलेल्यांची हौस. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो तिथे असल्या गोष्टी बोलणं बरं नव्हे. शिवाय आदिवासी मूल जन्मतःच काटक असतं, त्याला धावायला काय शिकवायचं? आणि अखेर पहिला येणार एकच, बाकीच्यांच्या वाट्याला न्यूनगंड. टाळ्या भरपूर पडल्या. पालकांनीही वाजवल्या, याचं मला फार वाईट वाटलं.

याच भाषणाच्या सुरुवातीला पाहुण्यांनी आपल्या नातवाचं कौतुक केलं होतं. पोहण्याच्या शर्यतीत त्यानं वर्षभरात किती वेळ कमी केला, ते दशांशासकट सांगितलं. म्हणजे नातवाला घड्याळ आणि आमच्या पोरांना पाखरांची उपमा. त्यांच्या साऱ्या युक्तिवादाचं मूळ मला या एका भेदात दिसतं.

आधी घड्याळाचंच बोलतो, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं आहे. मी गणिताचा शिक्षक. काही वर्षांपूर्वी एका शाळेत खेळाचा तास माझ्याकडे आला, कारण दुसरं कोणी नव्हतं. मैदानावर फक्कीनं आखलेली दोनशे मीटरची धावपट्टी होती. कोणी आखली, कधी आखली, विचारायची पद्धत नव्हती. ठाकूरवाडीतली एक मुलगी पंधराशे मीटर, म्हणजे साडेसात फेऱ्या, पाच मिनिटं दहा सेकंदांत पुरी करायची. आम्ही हरखून गेलो. गावानं वर्गणी काढून तिला बूट घेतले. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिला पाच मिनिटं तेहेतीस सेकंद लागले आणि ती मागे, खूप मागे राहिली. परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. आम्ही सगळे तिला सांगत होतो, घाबरलीस म्हणून असं झालं.

ती घाबरली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पोलादी फीत आणून धावपट्टी मोजली. ती 188 मीटर भरली. पहिल्या पट्टीची लांबी मोजताना आतल्या रेषेपासून ठरावीक अंतर सोडून, धावणाऱ्याच्या वाटेनं मोजायचं असतं. इथे वळणावर कोणीतरी फीत सैल धरून मोजलं होतं. फेरीला बारा मीटर, साडेसात फेऱ्यांना नव्वद मीटर. पोरगी आमच्याकडे 1410 मीटरच धावत होती. तिच्या वेगाला नव्वद मीटर म्हणजे जवळपास वीस सेकंद. ती जिल्ह्यालाही आपल्या नेहमीच्या वेगानंच धावली होती. खोटी होती ती आमची पट्टी, आणि आम्ही तिला भित्री ठरवून मोकळे झालो.

आता हे वीस सेकंद दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. शेतकऱ्याचा मुलगा, बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे धावायला लागला. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 1981 सालापासून कोणी न मोडलेला राष्ट्रीय विक्रम त्यानं 2018 साली मोडला, वेळ 8 मिनिटं 29.80 सेकंद. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत गेला आणि जुलै 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटं 09.91 सेकंदांवर आला. वीस सेकंदांना थोडे कमी. त्यासाठी त्याला सहा वर्षं लागली. आम्ही तेवढेच सेकंद एका मुलीच्या नावावर सैल फितीनं फुकट लिहून टाकले आणि एका दुपारी तिच्याकडून परत घेतले. पाहुण्यांना जी निष्ठुरता घड्याळात दिसते, ती मला त्या सैल फितीत दिसते.

याच साबळेचं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकलं. रौप्य मिळालं. न्यूनगंड आला असता तर दोन वर्षांनी पॅरिसची ती वेळ आली असती का?

आणि काटकपणाचं. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक उठते. कविता राऊत हरसूलजवळच्या सावरपाड्याची. आमच्यासारखाच मुलूख, तेच डोंगर, तीच पाण्यासाठीची पायपीट. दिल्लीच्या 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, सुवर्णापासून एका सेकंदाहूनही कमी अंतरावर. लोक म्हणाले, डोंगरात वाढली, म्हणून धावते. मग सावरपाड्याच्या बाकीच्या मुली? त्यांनीही त्याच विहिरीवरून हंडे आणले. फरक पडला तो नाशिकला विजेंदर सिंग या प्रशिक्षकांच्या हाताखाली घालवलेल्या वर्षांनी, रोजच्या नोंदींनी, पहाटेच्या फेऱ्यांनी. ‘जन्मतःच काटक’ म्हटलं की ती सगळी मेहनत पुसली जाते, आणि प्रशिक्षक, मैदान, बूट देण्याची जबाबदारीही पुसली जाते. निसर्गानंच दिलं आहे म्हटल्यावर सरकारनं काय द्यायचं आणि पाहुण्यांनी काय द्यायचं!

आता पाणी आणि महासंगणक. आधी पाणी, मग गणकयंत्र, असं पाहुणे म्हणाले. ऐकायला इतकं रास्त वाटतं की खोडायची कोणाची हिंमत होत नाही. पण डोळखांबच्या भातशेतकऱ्याला विचारा, त्याचं वर्ष कशावर बुडतं. जूनमध्ये राबावर बी टाकलं आणि पाऊस पंधरा दिवस गायब झाला, यावर. दसऱ्याच्या सुमारास हळवं भात कापून खाचरात आडवं केलं आणि त्याच रात्री परतीच्या पावसानं झोडपलं, यावर. दोन दिवस आधी कळलं असतं तर भारे बांधून उडवी रचता आली असती. ते दोन दिवस सांगण्यासाठीच तर ही यंत्रं लागतात.

आपल्या महासंगणकाची गोष्टच मुळी पावसापासून सुरू होते. ऐंशीच्या दशकात भारतानं अमेरिकेकडे क्रे महासंगणक मागितला, तेव्हा एक यंत्र हवामानाच्या कामापुरतं, अटी घालून मिळालं, त्याहून ताकदीचं नाकारलं गेलं. मग 1988 साली पुण्यात महासंगणक बांधण्यासाठी सी-डॅक ही संस्था सुरू झाली, अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले विजय भटकर तिथे प्रमुख झाले, आणि 1991 साली परम 8000 हा आपला महासंगणक उभा राहिला. एक अवाढव्य प्रोसेसर आपल्याला कोणी देणार नव्हतं, म्हणून ट्रान्सप्यूटर नावाच्या लहान चिपा पुष्कळ संख्येनं जोडल्या. प्रत्येकीला शेजाऱ्यांशी बोलायच्या चार वाटा. काम वाटून घ्यायचं आणि उत्तरं एकमेकांना पोचवायची.

हे आमच्या पोरांना समजावायला मला फळा लागत नाही. लावणीला सावडीनं माणसं येतात. बारा बायका ओळीनं वाकलेल्या असतात आणि राबावरून रोपांच्या मुठी आणणारा एकटाच. तो मागे पडला की बाराजणी कमरेवर हात ठेवून उभ्या. आणखी दहा बायका बोलावल्यात तरी लावणी पुढे सरकत नाही, कारण काम मुठींपाशी अडलेलं असतं. हजारो प्रोसेसरांचं यंत्र बांधणाऱ्यांची अर्धी डोकेफोड याच मुठी वाहण्याची असते. जो मुलगा सातवीतच हे खाचरात पाहतो, त्याच्यापासून हा विषय लांब ठेवायचा सल्ला कोणत्या आधारावर देता?

पावसाकडे परत येतो. अंदाज काढताना पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनासाठी वारा, बाष्प, तापमान यांची गणितं सोडवतात. देशाचा अंदाज बरीच वर्षं सुमारे बारा किलोमीटरच्या चौकोनांवर निघत होता. आमच्या मुलखाला याचा अर्थ फार मोठा. बारा किलोमीटरचा चौकोन घेतला की त्यात खालची खाचरं आणि वरचा आजोबा डोंगराचा कडा यांच्या उंचीची सरासरी निघते आणि सह्याद्रीची भिंत उताराएवढी बोथट होते. पाऊस तर त्या भिंतीवर आपटूनच पडतो. चौकोनाची बाजू अर्धी केली तर चौकोन चौपट होतात, गणिताचं प्रत्येक पाऊलही निम्म्या वेळाचं टाकावं लागतं, म्हणून आकडेमोड सुमारे आठपट. सप्टेंबर 2024 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत ‘अर्क’ हा 11.77 पेटाफ्लॉप ताकदीचा संगणक सुरू झाला, म्हणजे सेकंदाला सुमारे अकरा हजार सातशे सत्तर लाख कोटी गणितं. त्याच्या बळावर मे 2025 मध्ये सहा किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ आली. सहा किलोमीटरही पुरेसे नाहीत, माझं खाचर त्यात दिसत नाही. म्हणून मला याहून मोठं यंत्र हवं आहे आणि ते मागताना मला टँकरची लाज वाटत नाही. टँकरसाठी मी मोर्च्यातही असतो.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. यंत्रं पाच-सात वर्षांत जुनी होतात: होतात, ती बांधताना तयार झालेली माणसं मात्र पुढचं यंत्र बांधतात. खेळाडू उत्तेजक औषधं घेतात: घेतात, त्यांना पकडा. पहिला एकच येतो: तेराव्या नंबरानं आपली वेळ दोन सेकंदांनी सुधारली असेल तर घरी जाताना तो गातच जातो, हे मी पाहिलं आहे.

हा वाद माझ्यासाठी नवा नाही. चोंढ्याला घाटघर उदंचन प्रकल्प होत होता तेव्हा डोळखांबच्या नाक्यावर चहाच्या टपरीत आमच्यात हमरीतुमरी व्हायची. डोंगराच्या पोटात वीजघर, वर घाटघरचा जलाशय, खाली चोंढ्याचा. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून दोन संचांतून 250 मेगावॉट काढायचे, आणि मागणी उतरली की तीच यंत्रं उलटी फिरवून पाणी परत वर चढवायचं. माझे मित्र म्हणायचे, आपल्या पाड्यावर दिवा नाही आणि हे कौतुक कशाला? भातसा आणि तानसा आपल्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला. राग खरा होता, आजही खरा आहे, त्यातला एक शब्दही मी खोडणार नाही. पण त्या रागातून ते म्हणायचे की असली यंत्रंच नकोत. मी म्हणायचो, त्या वीजघराच्या नियंत्रणकक्षात आपल्या पाड्याचा इंजिनिअर का नाही, हे विचारा. ते भांडण मी तेव्हा हरलो. पाहुण्यांना टाळ्या पडल्या तेव्हा वाटलं, आजही हरतोच आहे.

मग मला हवं काय? फार नाही. प्रत्येक शाळेला पोलादी फितीनं मोजलेली एक धावपट्टी आणि नोंदींची एक वही, ज्यात वेळ खरीच लिहायची. शाळेतल्या कपाटाशेजारी धूळ खात पडलेला जुना संगणक चालू करून त्यावर लिनक्स घालायचं. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी झाडून सगळे 2017 सालापासून लिनक्सवर चालतात आणि ते फुकट मिळतं, डोळखांबलाही. आणि दर फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, एक एसटी ठरवून मुरबाडवरून माळशेज चढायचा आणि खोडदला जायचं. तिथे रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना पंचवीस किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. ती दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोऱ्यांवर बारीक तारांची जाळी बसवली. वारा जाळीतून निघून जातो, वजन घटतं, खर्च घटतो. पैसा कमी होता म्हणून ही युक्ती सुचली, आणि जगभरचे खगोलशास्त्रज्ञ तिथे वेळ मागायला येतात. आमच्या पोरांनी त्या जाळीखाली उभं राहून वर बघावं, एवढंच मला हवं आहे.

ती मुलगी आता वाडीत असते. तिची धाकटी बहीण आठवीत आहे आणि धावते. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, तिच्या शाळेचं मैदान आम्ही मोजणार आहोत. फीत पन्नास मीटरची आहे, तिला दोन माणसं लागतात. एक टोक मी धरीन. दुसरं धरायला पाहुण्यांनी यावं, त्यांना निरोप पाठवला आहे.