दर दोन वर्षांनी नवा संघ

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक सामने जिंकणारा कोच कोण, असं विचारलं तर बहुतेक जण ड्यूक विद्यापीठाच्या माइक शशेव्स्की यांचं नाव घेतील. २०२२ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर १२०२ विजय होते. जीन बेस यांच्या नावावर १३०० आहेत. मिझुरी राज्याच्या आग्नेय भागात पॉप्लर ब्लफ नावाचं १६-१७ हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या थ्री रिव्हर्स कम्युनिटी कॉलेजात बेस १९७० मध्ये रुजू झाले आणि २०२० मध्ये तिथूनच निवृत्त झाले. पन्नास हंगाम, एकच कॉलेज. दोघांच्या स्पर्धांचा दर्जा वेगळा, हे मान्य. पण शशेव्स्कींकडे देशातले सर्वोत्तम खेळाडू आपणहून यायचे. बेस यांच्याकडे यायची ती बहुतेक वेळा कुणीच न निवडलेली मुलं.

मी इलिनॉयमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात बीजगणित शिकवते. बास्केटबॉल कधी खेळले नाही. सोलापुरात शाळेत होते तेव्हा खो-खो खेळायचे. तरी या कोच मंडळींविषयी लिहायचं ठरवलं, कारण त्यांचं निम्मं काम माझ्या वर्गात चालतं.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं कॉलेज. फी कमी, प्रवेश जवळजवळ सगळ्यांना. इथे असोसिएट पदवी घ्यायची आणि पुढची दोन वर्षं चार वर्षांच्या विद्यापीठात जाऊन पूर्ण करायची, अशी ही वाट आहे. इथल्या मराठी घरांतही या कॉलेजांचं नाव जरा दबक्या आवाजात घेतलं जातं, आणि मला ते फार लागतं. खेळाडूला इथे दोनच हंगाम मिळतात. म्हणजे मार्चमध्ये सूर जुळलेल्या संघातली निम्मी मुलं ऑक्टोबरच्या सरावाला नसतात. उरलेल्यांना आणि नव्यांना घेऊन कोचला पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. जो चांगला तयार झाला तो जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. तो गेला नाही, तर कोचचं काही तरी चुकलं.

आता गणिताकडे येते. शाळेतले गुण निकषात न बसणाऱ्या मुलाला पुढे मोठ्या विद्यापीठाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, विभागातल्या संघात जायचं असेल, तर असोसिएट पदवी लागते, किमान २.५ ची सरासरी लागते आणि त्यात गणिताचे तीन क्रेडिट लागतात. पूर्वतयारीच्या वर्गातलं गणित त्यात धरत नाहीत. माझ्याकडे असा मुलगा येतो ज्याला दोन अपूर्णांकांची बेरीज जमत नाही. त्याला आधी पूर्वतयारी, मग कॉलेजचं बीजगणित, आणि हे सगळं दोन वर्षांच्या आत. एक सत्र वाया गेलं तर गणित पुढे सरकतं आणि दार बंद होतं. त्यामुळे आमच्या कोचला मुलाच्या उडीइतकीच त्याच्या अपूर्णांकांची काळजी असते. सत्राच्या मध्यावर मुलं प्रगतीचा कागद घेऊन माझ्या खोलीच्या दाराशी उभी राहतात. ‘मिस, कोच म्हणाले, आजच सही हवी.’ सरावानंतर कोच मुलांना अभ्यासिकेत बसवतात आणि स्वतःही तिथेच बसतात. एकदा मला म्हणाले, ‘प्रोफेसर, त्याला पास करू नका, त्याला कुठे अडतंय तेवढं सांगा.’ गुण वाढवा म्हणणारे पालक मी पाहिले आहेत, हे वाक्य मात्र मी कोचकडूनच ऐकलं.

हा माणूस आमच्या कॉलेजचा पूर्णवेळ नोकर नाही. दिवसा तो एका प्राथमिक शाळेत काम करतो आणि कॉलेज त्याला हंगामाचं मानधन देतं. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना याहून जास्त सांगायला नको. मीही सुरुवातीला तशीच शिकवत होते. आमचा संघ दोन वर्षांच्या कॉलेजांच्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेच्या दुसऱ्या विभागात खेळतो. तिथे खेळाडूची फी आणि पुस्तकं कॉलेज देऊ शकतं, राहण्याजेवणाचा खर्च देता येत नाही. मग शिकागोहून आलेल्या चार मुलांना भाड्याची जागा कोण शोधून देणार? व्हॅन कोण चालवणार? ज्याची आई आजारी पडली त्याच्याशी रात्री अकराला फोनवर कोण बोलणार? मानधनाच्या करारात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

या पदाकडे पायरी म्हणून पाहायची सवय जुनी आहे. जेरी टार्केनियन यांनी १९६४ ते १९६७ अशी सलग चार वर्षं रिव्हरसाइड आणि पॅसाडीना या दोन कॉलेजांना कॅलिफोर्नियाची विजेतेपदं मिळवून दिली, आणि पुढे लास वेगासच्या विद्यापीठाला १९९० चं राष्ट्रीय विजेतेपद. त्यांचं नाव लास वेगासमुळे राहिलं. वर जाण्यात गैर काहीच नाही. पण जो गेला नाही तो मागे पडला, असं आपण गृहीत धरतो, त्याला माझा विरोध आहे. २०२३ मध्ये डर्क नोविट्स्की, ड्वेन वेड, ग्रेग पोपोविच यांच्याबरोबर जीन बेस यांचा बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. हजारावा विजय त्यांना त्याच्या कितीतरी आधीच मिळाला होता. त्या एका सन्मानासाठी त्यांना आणखी बरीच वर्षं थांबावं लागलं.

बेस यांचं नाव निघालं की पाठोपाठ लट्रेल स्प्रीवेलचं नाव येतं. मिलवॉकीचा हा मुलगा शाळेच्या संघात अगदी शेवटच्या वर्षी आला, १९८८ ते ९० थ्री रिव्हर्समध्ये खेळला, तिथून अलाबामाला गेला आणि १९९२ मध्ये एनबीएत निवडला गेला. याच स्प्रीवेलनं १९९७ मध्ये सरावात आपल्या कोचचा गळा धरला होता. एका प्रसिद्ध शिष्यावरून गुरू मोजायचा ठरवला, तर यातलं काय बेस यांच्या खात्यावर टाकायचं? आपल्याकडे द्रोणाचार्य पुरस्कारासाठीही प्रामुख्यानं शिष्यांची आंतरराष्ट्रीय पदकं पाहिली जातात. बेस यांच्या हाताखालून गेलेल्या बहुसंख्य मुलांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. त्यांतले किती जण पदवीपर्यंत पोचले, हा माझ्या दृष्टीनं पहिला प्रश्न आहे.

सगळेच कोच असे नसतात. मुलाला सोप्या विषयांत ढकलणारे, गुडघा गेला की त्याचा फोन न उचलणारेही आहेत. आणि २०२१ पासून चार वर्षांच्या विद्यापीठांतले खेळाडू एक हंगाम बाहेर न बसता दुसरीकडे जाऊ शकतात. त्यामुळे तयार, पारखलेला खेळाडू मोठ्या संघांना सहज मिळतो आणि आमच्या मुलांची जागा आणखी अवघड होते. कॉलेजात पैसे कमी असताना खेळ कशाला, असं माझे काही सहकारी विचारतात. त्यांना मी हजेरीपट दाखवते. संघात राहायचं तर बारा क्रेडिट घ्यावेच लागतात, आणि संघ नसता तर यातली निम्मी मुलं गोदामात कामाला लागली असती, हे ती स्वतःच सांगतात.

आमच्या कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या सभेत कुणाही नागरिकाला उठून बोलता येतं. पुढच्या सभेत मी दोन मागण्या करणार आहे. कोचचं पद पूर्णवेळ शिक्षकाचं करा. आणि वार्षिक अहवालात जय-पराजयाच्या आकड्यांशेजारी, तितक्याच मोठ्या टाइपात, किती खेळाडूंनी पदवी घेतली आणि ते पुढे कोणत्या विद्यापीठात गेले, ते छापा.